जुनी येझदी, नवे हात : मुलाच्या पहिल्या ‘प्रोजेक्ट बाईक’विषयी थोडं



दहावी-बारावी झालेल्या मुलांच्या तोंडी हल्ली ‘प्रोजेक्ट बाईक’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. म्हणजे एखादी जुनी, बंद पडलेली मोटारसायकल घ्यायची, स्वतःच्या हातांनी उघडायची, चालू करायची आणि मग आपल्या आवडीप्रमाणे तिचं रूप बदलायचं. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला आणि आता आयटीआयला असलेला एक मुलगा मध्यंतरी वडिलांना घेऊन भेटायला आला होता. गावी आजोबांची येझदी कित्येक वर्षं गोठ्यात उभी आहे. ती चारकोपला आणायची आणि तिची ‘कॅफे रेसर’ करायची, असा त्याचा बेत. वडिलांनी एवढंच विचारलं, "सर, हे खूळ आहे की शिक्षण?"

माझे वडील राजदूतवरून दुधाचे रतीब घालायचे, त्यामुळे पॉइंट घासणं मी पाढ्यांबरोबरच शिकलो. म्हणून माझं उत्तर थोडं एकतर्फी असणार हे आधीच सांगतो. हे शिक्षण आहे, पण कामाचा क्रम नीट पाळला तरच. आणि तो क्रम मुलांच्या डोक्यात नेमका उलटा असतो. त्यांना आधी रंग दिसतो, मग सीट, मग हँडल. ब्रेक सगळ्यात शेवटी. गाडीची चेसिस एकदा कापली की ती मूळ रूपात येत नाही, आणि घरातली एकमेव जुनी वस्तू कागदोपत्रीही निकामी होऊन बसते. आमच्याच सेक्टरमध्ये अशी एक गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. गॅरेजवाल्याने मागची फ्रेम कापून छोटी सीट बसवून दिली, दिसायला झकास, पण आरसीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यायची कुणाची हिंमत होत नाही.

गाडी कोणती?

पहिल्या प्रकल्पासाठी साधं इंजिन आणि मिळणारे सुटे भाग हे दोनच निकष मी सांगेन. आपल्याकडे त्यात तीन-चार नावं येतात. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही मुळात पोलंडच्या ‘एसएचएल’ गाडीवरून आलेली. ‘बॉबी’ चित्रपटातली छोटी राजदूत अनेकांना आठवत असेल, तीही याच घराण्यातली. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. पण तिच्यावर तरुणांच्या एवढ्या उड्या पडतात की किमती अवाच्या सवा झाल्या आहेत, आणि चोरीच्या गाड्यांचाही धोका आहे. बुलेट उत्तम, पण जड, आणि सगळ्या कामांना पैसाही जास्त.

येझदीचं मला विशेष कौतुक आहे. ‘जावा’ हे नाव यानेचेक हे आडनाव आणि ‘वाँडरर’ या जर्मन गाडीचं नाव यांची पहिली अक्षरं जोडून झालं. चेकोस्लोव्हाकियातली ही गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात बनू लागली. पुढे १९७३ च्या सुमारास तिला येझदी हे नाव मिळालं. कारखाना चालवणाऱ्या इराणी कुटुंबाच्या मूळ मुलखातलं यझ्द हे शहर त्यामागे आहे. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पण जावा-येझदीवाल्यांनी गाड्या सोडल्या नाहीत. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘आंतरराष्ट्रीय जावा दिवस’ म्हणून ते आपापल्या शहरात गाड्या घेऊन जमतात. मुलाला आधी तिथे घेऊन जा. चाळीस-पन्नास वर्षं एकच गाडी सांभाळणारी माणसं तिथे भेटतात, आणि कुठला भाग कुठे मिळतो हे इंटरनेटपेक्षा त्यांना चांगलं ठाऊक असतं.

या गाडीत शिकण्यासारखं भरपूर आहे. किक आणि गिअर यांना मिळून डाव्या बाजूला एकच दांडा. वर वळवला की किक, पुढे आणला की गिअर. गिअर बदलताना पायाचा दाब पडला की क्लच आपोआप सुटतो. सिलिंडर एक, पण धूर सोडणारे सायलेन्सर दोन. आठवी-नववीच्या गणिताच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण देतो. सिलिंडरचा व्यास ६५ मिमी आणि पिस्टनची धाव ७५ मिमी. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावा, सुमारे २४९ घन सेंमी उत्तर येतं. ‘अडीचशे सीसी’ म्हणजे काय, हे मुलाला एका गणितात कळतं.

आधी कागद

गाडी गावाहून हलवण्यापूर्वी आरसी शोधा. ती कुणाच्या नावावर आहे, तो माणूस हयात आहे का, वारसांच्या सह्या मिळतील का, हे बघा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि जिल्हा बदलत असेल तर मूळ आरटीओची एनओसी लागते. नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. तिथे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात. आपण पहिली-दुसरीच्या मुलांकडून नाण्याचे ठसे अगदी तसेच काढून घेतो! हा ठसा घरीच काढून आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर गाडी कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

आता बदलांविषयीचा कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, आरसीतली माहिती आणि कारखान्याने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे फ्रेम कापणं किंवा दुसऱ्याच जातीचं इंजिन बसवणं हा विषय आपल्यापुरता बंद. रंग बदलता येतो, पण आरसीत नोंद करून घ्या. आवाज करणारा पोकळ सायलेन्सर तर नकोच. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आणखी एक गंमत पाहा. आपण बोलताना कुठल्याही जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणतो. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होण्यासाठी गाडीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेला हवा, आणि तिच्या चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. थोडक्यात, कायद्याच्या भाषेत ‘व्हिंटेज’ आणि ‘कस्टम’ हे शब्द एकमेकांना छेद देतात. १९७३-७४ ची पहिली येझदी आता या वयात आली आहे. आज हौसेने कापलेली फ्रेम उद्या हा मार्ग कायमचा बंद करते.

म्हणून मी त्या मुलाला एकच अट सांगितली. जो बदल करशील तो पान्ह्याने उलटा करता आला पाहिजे. वेल्डिंग आणि कटर वर्ज्य. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा.

चालू करणं

जागेचा प्रश्न मोठा. चारकोपच्या प्लॉटवरच्या बैठ्या घरांत पुढचा ओटा असेल तर उत्तम, नाहीतर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पेट्रोलची बाटली घरात, विशेषतः गॅसजवळ, ठेवायची नाही. आणि आपल्याकडची खाडीची खारट हवा विसरू नका. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढतो हे आपण वर्गात शिकवतो. मीठ त्याचा वेग वाढवतं. सँडपेपर मारून उघडा केलेला पत्रा इथे पावसाळ्यात दोन दिवसही तसा ठेवू नये, प्रायमर मारूनच झोपावं.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, काढले त्या क्रमाने. ही सवय मुलाला पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडेल, पण त्यातला कंटाळा सुरुवातीला पालकांनी सोबत बसूनच सोसावा लागतो.

इंजिन चालायला तीन गोष्टी पुरतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. बंद गाडीचा शोध याच तीन दिशांनी घ्यायचा. प्लग काढून टोपणात बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असेल तर हे करू नका, आधी टाकीचा कॉक बंद करून इंजिन वाळू द्या. ठिणगी नसेल तर पॉइंट पाहा. वर्षानुवर्षं बसून त्यांवर काळी बुरशी चढते. बारीक पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने फट सुमारे ०.४ मिमी ठेवायची. तरीही ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त असतो आणि बऱ्याचदा गुन्हेगार तोच निघतो.

ठिणगी आहे पण गाडी लागत नाही, तर मग कार्बोरेटर. जुनं पेट्रोल सुकून जेटच्या भोकात डिंकासारखा थर बसतो. जेट तारेने टोकरू नये, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करावं. टाकीत गंजाचा चुरा असेल तर इथून सुरुवात करून काही उपयोग नाही, आधी टाकी धुवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं, जुने रबरी पाइप आणि सील खराब करतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी केलेली बरी.

गाडी लागली आणि भरमसाट पांढरा धूर थांबतच नाही, गिअर ऑइलही कमी होतंय, तर क्रँकचे ऑइल सील सुकले आहेत असं समजा. हे काम इंजिन फोडून होतं. इथे मात्र हौशी हात थांबवा आणि जुन्या मिस्त्रीकडे न्या. मुलाला शेजारी उभं राहून पाहू द्या. चांगला मिस्त्री सहसा हाकलत नाही. बुश बनवणं, पावडर कोटिंग अशी कामं चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत विचारून पाहावीत. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार आहेतच, पण तिथे नमुना हातात घेऊनच जावं.

थांबवणं

माझ्या मते रंगाचा डबा उघडण्याची परवानगी ब्रेक पूर्ण झाल्यावरच द्यावी. जुन्या येझदीला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत, आजच्या डिस्कसारखे ते लागत नाहीत. लायनर नवे करून घ्या, केबल बदला. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला आहे असं नव्हे. त्याच्या बाजूवर चार आकडी तारीख असते : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा, सरळ भंगारात.

मग रूप

‘कॅफे रेसर’ हा प्रकार १९५०-६० च्या दशकातल्या इंग्लंडमधला. लंडनच्या ‘एस कॅफे’सारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुलं अनावश्यक भाग काढून, हँडल खाली करून गाड्या हलक्या आणि वेगवान करत. म्हणजे मुळात तिथेही काढून टाकणं जास्त आणि जोडणं कमी होतं. आपल्या अटीत हे छान बसतं. खाली वाकलेलं हँडल मूळ क्लॅम्पमध्येच बसणारं निवडा. मात्र पूर्ण वळवल्यावर ते टाकीला लागत नाही आणि केबल ताणल्या जात नाहीत हे तपासा. सीटसाठी मूळ सीट ठेवून दुसऱ्या पत्र्यावर नवी गादी शिवून घ्यावी, मूळ बोल्टवरच बसेल अशी. आरसे, इंडिकेटर, मडगार्ड काढायचे नाहीत. मुंबईच्या पावसात मडगार्ड नसलेली गाडी म्हणजे पाठीवर चिखलाची रांगोळी!

सहा व्होल्टच्या जुन्या गाडीचा दिवा मेणबत्तीसारखा. बारा व्होल्टची यंत्रणा बसवणं हा मला सगळ्यात उपयोगी बदल वाटतो, कारण तो दिसत नाही पण रात्री जीव वाचवतो. जुनी वायरिंग मात्र गुंडाळून त्या खोक्यात.

शेवटी पालकांसाठी वयाचं. गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी मुलाने पान्हा जरूर धरावा, हँडल नाही, कॉलनीच्या आतल्या रस्त्यावरसुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

तोवर त्याला पेट्रोल-ऑइलचं मिश्रण करायला द्या. इंजिन नव्याने बांधलं असेल तर सुरुवातीचे काही दिवस २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. टाकीत ५ लीटर भरलं तर ऑइल किती? २०० मिली. आमच्या चौथीतल्या हुशार मुलांनाही हे जमतं. मोजपात्र मात्र औषधाच्या टोपणासारखं खुणा असलेलं हवं, अंदाजाने ओतायचं नाही.