खुणेचा अर्थ

वाशीम जिल्ह्यातील जऊळका गावच्या शाळेत गणिताच्या वह्या तपासून परत आल्या, म्हणजे मुले प्रथम तांबड्या शाईकडे पाहतात. बरोबरची खूण दिसली की चेहरा उजळतो, फुली दिसली की उतरतो. आणि गुणांच्या जागी नुसते वर्तुळच दिसले, तर सोबती लागलीच ‘भोपळा मिळाला!’ म्हणून चिडवू लागतात.

तीच वही जपानमधील एखाद्या मुलाच्या हाती दिली तर मोठी गंमत होईल. तेथे शिक्षक बरोबर उत्तरावर वर्तुळ काढतात. त्यास ‘मारू’ म्हणतात. काम फारच सुरेख असेल, तर वर्तुळाभोवती पाकळ्या काढून त्याचे फूल करतात. उलट, आपली बरोबरची खूण तेथे बहुधा चुकलेल्या उत्तरावर येते. म्हणजे जऊळक्याच्या हुशार विद्यार्थ्याची वही पाहून जपानी मुलास त्याची कीव यावी आणि भोपळा मिळविणाऱ्याचे त्याने अभिनंदन करावे, असा हा प्रकार! फुलीचा अर्थ तेवढा दोन्हीकडे सारखाच.

वहीतील गैरसमज हसण्यावारी नेता येतो. दारावरील खुणेचे तसे नाही. दिवाळीत आपल्याकडे दारावर व हिशेबाच्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतात. ‘स्वस्ति’ म्हणजे कल्याण असो. जपानच्या नकाशांतही स्वस्तिक आढळते. त्याचे हात आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेस वळलेले असतात आणि ते बौद्ध मंदिराची जागा दाखविते. परंतु जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाने १९२० साली याच आकाराची खूण आपल्या निशाणावर घेतली. पुढे त्या निशाणाखाली सुमारे ६० लक्ष ज्यू लोकांची हत्या झाली. ज्यांचे आप्त त्या कत्तलीत गेले, त्यांच्या अंगावर ती आकृती पाहताच काटा उभा राहिला, तर त्यांना दोष कसा द्यावा? परदेशी प्रवाशांसाठीच्या नकाशांत मंदिराकरिता निराळी खूण वापरावी, अशी सूचना २०१६ साली खुद्द जपानातच निघाली होती.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे दिवाळीत हाच प्रश्न उभा राहतो: उंबऱ्यापुढील रांगोळीत स्वस्तिक काढावे की न काढावे? कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली केलेल्या कायद्यात नाझींचे चिन्ह आणि हिंदू, बौद्ध व जैन यांचे स्वस्तिक यांत स्पष्ट भेद केला आहे. तथापि अंगणात थबकलेल्या शेजाऱ्यास तो भेद घरच्या माणसांनाच, बोटांची रांगोळी पुसून, समजावून सांगावा लागतो.