सुलट, उलट आणि थोडं कोडिंग: थंडीच्या आधी सुया हातात घ्या

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत अशी तक्रार असते, म्हणून आकडे आणि कृती इथे नीट मांडून दिली आहे.)

[००:००] 

कोजागिरी जवळ आली की आपल्याकडे गोसीखुर्द-पवनीच्या पट्ट्यात हवा बदलते. धान पिवळं पडायला लागतं, पहाटे वैनगंगेवरून धुकं उठतं आणि ट्रंकेतली लोकरीची कपडे उन्हात येतात. महाराष्ट्र म्हणजे गरम, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगू द्या. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. म्हणजे स्वेटर हा आपल्याकडे शौक नाही, गरज आहे.

आजचा विषय आहे लोकरीचं विणकाम. हो, तेच, दोन सुया आणि लोकरीचा गुंडा. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे "हे काय करून राहिला बे?" हा प्रश्न मला नवीन नाही. आजच्या भागात तीन गोष्टी आहेत: विणकाम चालतं कसं, पहिलं मफलर कसं करायचं, आणि या दिवाळीत घरी एक काम का करायलाच हवं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

[०२:१०] विणणं एक, प्रकार दोन

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत 'विणणं' हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात कोशाची साडी मागावर विणतात. तिथे उभे धागे असतात, आडवे धागे असतात, आणि आडवा धागा उभ्याच्या खालून-वरून जातो. ताणा-बाणा म्हणतात तो हाच.

स्वेटरमध्ये ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच लांब धागा असतो. त्याचा एक फास, त्या फासातून ओढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा. बस. म्हणूनच स्वेटर ताणला जातो आणि साडी ताणली जात नाही. फास सरळ होऊन जागा देतो, सोडला की परत गोल होतो.

आत्ता एक करून बघा. अंगात टी-शर्ट असेल तर फोनचा कॅमेरा कापडाच्या अगदी जवळ न्या आणि झूम करा. बाहेरून बारीक-बारीक 'व्ही' आकाराच्या रांगा दिसतील. आतून आडव्या गाठींसारखे उंचवटे दिसतील. आपण ज्याला होजिअरी म्हणतो ते हेच कापड, फक्त मशीनवर आणि बारीक धाग्यात केलेलं. हे मशीन जुनं आहे: इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणायचं पहिलं यंत्र बनवलं. म्हणजे तुम्ही रोज विणकामच घालून फिरता, फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

[०४:३०] दोनच टाके, बाकी सगळं लॉजिक

विणकामात मुळात दोनच टाके आहेत: सुलट आणि उलट. गंमत म्हणजे हे दोन्ही एकच टाका आहेत, फक्त बघायची बाजू वेगळी. समोरून सुलट दिसतो तो मागून उलट दिसतो. सुलटमध्ये नवा फास मागून पुढे ओढतो, उलटमध्ये पुढून मागे ढकलतो.

आता या दोघांतून काय-काय निघतं ते ऐका.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की जाड, सपाट कापड तयार होतं. ते गुंडाळत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. नवशिक्यांसाठी उत्तम.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की टी-शर्टसारखं गुळगुळीत कापड होतं. पण याच्या कडा आपोआप गुंडाळतात. याचं मफलर विणलं तर त्याची नळी होते.

दोन सुलट, दोन उलट, पुन्हा दोन सुलट, दोन उलट असं केलं की उभ्या पट्ट्या पडतात. सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे जातात, कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं मिटतं आणि ताणलं की उघडतं. म्हणून स्वेटरचे मनगट, गळा आणि खालची पट्टी अशी विणतात.

कोडिंगवाल्यांनो, ओळखलं ना? "२ सु, २ उ, ओळीच्या शेवटापर्यंत" हा सरळ-सरळ लूप आहे. आणि लूप बरोबर संपायचा असेल तर एकूण टाके ४ ने भागले गेले पाहिजेत. विणकामाचा नमुना हा प्रोग्रॅम आहे आणि विणणारी बाई तो चालवते. चुकलं तर उसवायचं, म्हणजे जुन्या व्हर्जनवर परत जायचं. फरक एवढाच की इथे धागा वाया जात नाही, तोच पुन्हा वापरता येतो.

हा संबंध मी ओढूनताणून आणत नाही. १९६० च्या दशकात अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर खरोखर हाताने ओवलेलं होतं. बारीक चुंबकीय कड्या असायच्या. तार कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी या तारा सुईने ओवल्या. माणूस चंद्रावर गेला त्या प्रोग्रॅममध्ये हातकामाचा मोठा वाटा आहे.

[०८:००] पहिलं मफलर, पूर्ण हिशेबासकट

आता कामाचं बोलू. सामान तीनच: सुयांची जोडी, लोकर आणि कात्री.

सुया ४ मिलिमीटरच्या घ्या. घरात जुन्या सुया असतील तर त्यावर ८, १०, १२ असे नंबर असतात. हे जुने इंग्रजी नंबर आहेत आणि ते उलटे चालतात: नंबर मोठा, सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. नव्या घ्यायच्या तर पोनीच्या सुया बहुतेक दुकानांत मिळतात. त्या आपल्या देशातच, तमिळनाडूत निलगिरीमधल्या केटीला बनतात.

लोकर मध्यम जाडीची घ्या, दीडशे ते दोनशे ग्रॅम. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, मेंढीची नसते. सुरुवातीला तीच बरी: धुवायला सोपी आणि कसर लागत नाही. रंग फिका घ्या, काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत. आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे बघून घ्या. लेबलवर लिहिलेला असतो. लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो आणि तो गळ्यात घातल्यावरच दिसतो.

आता टेस्टिंग. थेट मफलर सुरू करायचं नाही. आधी २४-२५ टाक्यांचा एक चौकोनी तुकडा विणायचा, पट्टी ठेवायची आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायचं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, कोणी घट्ट विणतं, कोणी सैल. हे एवढं का? समजा छाती १०० सेंटिमीटर आहे आणि १० सेंटिमीटरला २० टाके धरून तुम्ही २०० टाके घातले. पण तुमचा हात घट्ट असेल आणि २२ टाके बसत असतील, तर स्वेटर ९१ सेंटिमीटरचा होईल. दोन टाक्यांच्या फरकाने पूर्ण स्वेटर धाकट्या भावाला द्यावा लागतो.

मफलरचा हिशेब असा. १० सेंटिमीटरला २० टाके आणि ४० ओळी धरू. २० सेंटिमीटर रुंदी हवी, म्हणजे ४० टाके घालायचे. १५० सेंटिमीटर लांबी हवी, म्हणजे ६०० ओळी, सगळ्या सुलट. ४० गुणिले ६००, एकूण २४,००० टाके. नवीन माणूस मिनिटाला २० टाके तरी घालतो. १,२०० मिनिटं झाली, म्हणजे २० तास.

२० तास ऐकून घाबरू नका. रोज एक तास धरला तरी कोजागिरीला सुरू केलेलं मफलर तुळशीच्या लग्नाआधी गळ्यात येतं. फोनमध्ये आपला रोजचा स्क्रीन टाइम बघा आणि मग ठरवा. शिवाय विणताना हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे राहतात. पॉडकास्ट ऐकायला याच्याहून चांगलं काम मला सापडलं नाही.

[१२:४०] मग विकतचा स्वेटर काय वाईट?

वाईट काहीच नाही. आपल्या भागात विकतच्या स्वेटरचीही एक गोष्ट आहे. दरवर्षी हिवाळ्यात नागपूरला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. यातले काही जण परके नाहीत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासून. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. तिथली अनेक कुटुंबं पावसाळ्यात शेती करतात आणि थंडीत गावोगावी स्वेटर विकतात. माल मुख्यतः लुधियानाचा, मशीनवरचा. त्यांच्याकडून जरूर घ्या, त्यांचं वर्षाचं गणित त्या दोन-तीन महिन्यांवर असतं.

पैशाच्या हिशेबात हातचा स्वेटर जिंकत नाही. नुसत्या लोकरीच्या पैशात कधीकधी तयार स्वेटर येतो. पण हातच्या स्वेटरमध्ये दोन गोष्टी आहेत ज्या दुकानात नाहीत. एक म्हणजे तो तुमच्या मापाचा असतो आणि पुन्हा दुरुस्त होतो. पोर मोठं झालं की उसवून त्याच लोकरीत नवीन लोकर मिसळून मोठा करता येतो. आपल्या आयांनी हेच केलं. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत.

हिवाळ्यात दुपारी अंगणात कोवळं ऊन येतं. तिथे चार बायका सुया घेऊन बसल्या की एकीचा नमुना दुसरीकडे जातो. कोणी गळा कापायला शिकवतं, कोणी सुटलेला टाका उचलून देतं. वर्ग नाही, फी नाही. धरणासाठी जी गावं उठली, तिथली माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत वेगवेगळ्या प्लॉटवर विखुरली. माझी मामी त्यातलीच. जुनी ओसरी गेली, पण सुया सोबत आल्या, आणि नव्या वसाहतीत पहिली ओळख विणकामावरूनच झाली असं ती सांगते.

आणि पोरांनो, "हे बायकांचं काम" म्हणत असाल तर पेरू देशातलं ताकिले बेट बघा. तिथे टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. त्यांच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

[१६:२०] या दिवाळीचं काम

आता ती तिसरी गोष्ट.

इंग्रजीत विणकामाचे नमुने पुस्तकांत आहेत, इंटरनेटवर आहेत. रॅव्हलरी नावाची वेबसाइट जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या जोडप्याने २००७ मध्ये सुरू केली, त्यातली कॅसिडी प्रोग्रॅमर. तिथे नमुन्यांचा प्रचंड साठा आहे. आपल्याकडचे नमुने कुठे आहेत? काही जुन्या मासिकांत. पण बरेचसे आई, मावशी, आजीच्या डोक्यात आणि त्याहून जास्त हातात.

मी मामीला एका जाळीच्या नमुन्याचे टाके विचारले. ती म्हणाली, "मोजाचं कायले? हाताले समजते." आकडा तिलाही सांगता येत नव्हता, सुया हातात दिल्यावर मात्र नमुना बरोबर निघाला. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. काळी लोकर तिने केव्हाच सोडली, आता संध्याकाळचं विणणंही सोडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, कोड चालू आहे पण सोर्स कुठेच सेव्ह नाही, आणि मशीन जुनं झालं आहे. बॅकअप आत्ता घ्यायचा असतो.

तर दिवाळीला घरी जाल तेव्हा एवढं करा:

१. घरातला सगळ्यात जुना हातचा स्वेटर काढा. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. त्या पट्टीवरून नंतर टाके मोजता येतात.

२. विणणाऱ्या माणसाला सुया हातात द्या आणि व्हिडिओ घ्या. समोरून नको, समोरून सगळं उलटं दिसतं. त्यांच्या खांद्यावरून घ्या, म्हणजे बघणाऱ्याला स्वतःचेच हात वाटतात.

३. नमुना पुन्हा सुरू होईपर्यंत थांबवू नका. मग व्हिडिओ हळू करून प्रत्येक टाका लिहा: सु, उ, दोनचा एक, धागा पुढे. किती टाक्यांनी नमुना परत येतो आणि किती ओळींनी, हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे.

४. त्या नमुन्याला घरात काय नाव आहे ते विचारा. आपल्या बोलीत जे म्हणतात तेच लिहा, शुद्ध करू नका.

५. लिहिलेल्यावरून स्वतः एक तुकडा विणा. नमुना जुळला तरच तो सेव्ह झाला असं समजा.

मामीचा जाळीचा नमुना आता माझ्याकडे आहे. सहा टाक्यांनी आणि आठ ओळींनी परत येतो. तुकडा तिला दाखवला तेव्हा तिने डोळ्यांनी बघितला नाही, बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "बरोबर आहे, पन हात घट्ट आहे तुहा."

तर मंडळी, कोजागिरीच्या दुधाआधी लोकर घेऊन ठेवा. ४० टाके घाला आणि सुरू करा. पुढच्या भागात सुटलेला टाका कसा उचलायचा आणि शेवटी टाके बंद कसे करायचे ते सांगतो, कारण तोवर तुमचं मफलर हातभर झालेलं असेल. तोपर्यंत राम राम!