हॅशमागे किती वॉट? ग्राफिक कार्डांची मायनिंग रिग आणि बोईसर-तारापूरची वीज

मायनिंग रिग म्हणजे एका उघड्या सांगाड्यावर ओळीने बसवलेली चार-सहा किंवा आठ ग्राफिक कार्डे, त्यांना चालवणारा एक साधा मदरबोर्ड आणि सगळ्यांना वीज पुरवणारा एक-दोन पॉवर सप्लाय. हे यंत्र चोवीस तास एकच काम करते. आकड्यांचा एक गठ्ठा घ्यायचा, त्यात एक बदलता आकडा मिसळायचा, ठरलेल्या गणिताने त्याचा हॅश काढायचा आणि तो आभासी नाण्याच्या जाळ्याने ठरवलेल्या मर्यादेखाली येतो का ते पाहायचे. बहुतेक वेळा तो येत नाही. मग आकडा बदलून पुन्हा तेच. ज्याचा हॅश बसतो त्याला नवा ब्लॉक जोडण्याचा मान आणि त्याबद्दल नवी नाणी मिळतात. या कामात बुद्धीचा भाग नसतो, असतो तो प्रयत्नांच्या संख्येचा. म्हणून सेकंदाला किती हॅश निघतात, या हॅशरेटवर रिगची ताकद मोजली जाते आणि त्या हॅशमागे किती वीज जळते यावर तिचा नफा ठरतो.

कार्डाकडे हे काम कसे आले

बिटकॉइनचे जाळे ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले तेव्हा मायनिंग साध्या प्रोसेसरवर होत असे. ग्राफिक कार्डात लहान लहान गणिती घटक शेकड्यांनी असतात आणि ते एकाच वेळी चालतात. खेळातल्या चित्राचे लाखो ठिपके रंगवण्यासाठी केलेली ही रचना हॅश काढायलाही सोयीची आहे, हे २०१०मध्ये लक्षात आले. २०१३पासून मात्र बिटकॉइनसाठीच घडवलेल्या चिपा बाजारात आल्या आणि त्या नाण्यापुरती ग्राफिक कार्डे निकालात निघाली.

३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथेरियमने त्यांना पुन्हा काम दिले. त्याच्या इथॅश या पद्धतीत प्रत्येक हॅशसाठी एका मोठ्या तक्त्यातून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, अशी माहिती वाचावी लागे. म्हणजे एका हॅशमागे ८,१९२ बाइट. हा तक्ता कार्डाच्या मेमरीत ठेवावा लागतो. सुरुवातीला १ जीबी असलेला तक्ता दर ३०,००० ब्लॉकांमागे ८ एमबीने वाढत गेला आणि २०२०च्या अखेरीस ४ जीबी मेमरीची कार्डे इथेरियमसाठी निरुपयोगी झाली.

रिगचे ट्यूनिंग का करायचे, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. आरटीएक्स ३०६० टीआय या कार्डाची मेमरी मूळ वेगाने सेकंदाला ४४८ जीबी माहिती हलवते. प्रत्येक हॅशला ८,१९२ बाइट लागत असतील, तर सेकंदाला सुमारे साडेपाच कोटी हॅशच्या पुढे हे कार्ड जाऊच शकत नाही, मग त्याचा गणिती भाग कितीही वेगवान असो. सहा कोटी, म्हणजे ६० मेगाहॅश हवे असतील, तर मेमरीचा वेग वाढवण्यावाचून मार्ग नाही. गणिती भाग मात्र बराच वेळ मेमरीची वाट पाहत बसतो. त्याचा वेग आणि व्होल्टेज उतरवले तरी हॅशरेट हलत नाही, वीज मात्र वाचते.

जुळणी

रिगमध्ये पैसा कार्डांवर खर्च होतो. प्रोसेसर स्वस्तातला, रॅम ४ ते ८ जीबी आणि एक लहान एसएसडी एवढे बाकीच्या कामाला पुरते. पालघर-बोईसरच्या माणसाला सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड.

एका मदरबोर्डवर सहा कार्डे शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणून प्रत्येक कार्ड रायझरवर बसवतात. रायझर म्हणजे बोर्डावरच्या छोट्या खाचेत जाणारी एक पट्टी, यूएसबीसारखी केबल आणि तिच्या टोकाला कार्डासाठी मोठी खाच. मायनिंगमध्ये कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात देवाणघेवाण अगदी थोडी होते, त्यामुळे ही अरुंद वाट पुरते. धोका असतो तो विजेच्या जोडणीत. खाचेतून कार्ड ७५ वॉटपर्यंत वीज ओढू शकते आणि साटा जोड १२ व्होल्टवर ५४ वॉटच देऊ शकतो. साटाच्या वायरीवर चालवलेला रायझर वितळल्याची उदाहरणे म्हणूनच घडतात. रायझरला कार्डासाठीच्या सहा पिनांच्या वायरीने वीज देणे हा पाळायचा नियम आहे.

सॉफ्टवेअर बसवणे

पहिले काम मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. 'अबोव्ह फोर-जी डीकोडिंग' चालू केल्याशिवाय चारच्या पुढची कार्डे बहुधा दिसत नाहीत. खाचांचा वेग दुसऱ्या पिढीवर बांधला की रायझरच्या तक्रारी कमी होतात. वीज गेली आणि परत आली की यंत्राने आपोआप सुरू व्हावे, ही सोयही तिथेच लावतात. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागात तिच्यावाचून चालत नाही.

त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजवर रिग चालते, पण तिथे व्हर्च्युअल मेमरी सगळ्या कार्डांच्या एकूण मेमरीइतकी ठेवावी लागते आणि आपोआप होणारे अपडेट बंद करावे लागतात. लिनक्सवर आधारलेली हाइव्ह ओएस याच कामासाठी केलेली आहे. ती छोट्या ड्राइव्हवरून चालते आणि रिगची सगळी सूत्रे ब्राउझरमधून हलवता येतात.

प्रत्यक्ष हॅश काढणारा प्रोग्रॅम म्हणजे मायनर. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी टी-रेक्स, एएमडीच्या कार्डांसाठी टीमरेडमायनर आणि दोन्हींवर चालणारे लोलमायनर व जीमायनर ही नावे या क्षेत्रात रुळलेली आहेत. हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण ठरावीक वेळ ते आपल्या निर्मात्यासाठी मायनिंग करतात. इथॅशसाठी हा वाटा साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडा कमी असे. मायनर निर्मात्याच्या मूळ जागेवरूनच उतरवावा लागतो. बनावट आवृत्त्या गुपचूप दुसऱ्याचा वॉलेट पत्ता घालतात आणि बिल एकाचे, नाणी दुसऱ्याची अशी गत होते.

मायनरला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती पद्धत, कोणत्या पूलचा पत्ता व पोर्ट, नाणी कोणत्या वॉलेटवर जमा करायची आणि या रिगचे नाव काय. एकट्या रिगला ब्लॉक सापडायला वर्षे लागू शकतात, म्हणून हजारो रिगा पूलमध्ये एकत्र येतात आणि मिळकत केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटून घेतात. हे काम 'शेअर'मध्ये मोजले जाते. मायनरच्या पडद्यावर दिसणाऱ्या हॅशरेटपेक्षा पूलने स्वीकारलेले शेअर खरे, कारण पैसे त्यांचेच मिळतात. उशिरा पोहोचलेला शेअर शिळा ठरतो आणि चुकीचा शेअर नाकारला जातो. त्यामुळे जवळचा सर्व्हर निवडणे आणि रिगला वायफायऐवजी केबलने जोडणे फायद्याचे असते.

ट्यूनिंग

ट्यूनिंगमध्ये चार दोऱ्या हातात असतात: गणिती भागाचा वेग, मेमरीचा वेग, विजेची मर्यादा आणि पंखा. विंडोजवर एमएसआय आफ्टरबर्नरमधून आणि हाइव्ह ओएसमध्ये तिच्याच पानावरून त्या ओढता येतात. एका वेळी एकच दोरी हलवायची, ही या कामाची शिस्त आहे. आधी गणिती भागाचा वेग ठरावीक आकड्यावर बांधतात आणि हॅशरेट पडू लागेपर्यंत तो खाली आणतात. मग मेमरीचा वेग थोडाथोडा वाढवतात. चुकीचे शेअर दिसू लागले किंवा मायनर बंद पडला, की दोन पावले मागे येऊन काही तास तसेच चालवून पाहतात. काही कार्डांत असणारी जीडीडीआर६एक्स मेमरी चूक झाली की ती माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे तिथे वेग जास्त झाल्याची खूण वेगळी असते. यंत्र बंद पडत नाही, हॅशरेट उलटा घसरतो. शेवटी वॉचडॉग लावतात, म्हणजे एखादे कार्ड अडकले तर मायनर स्वतःच पुन्हा सुरू होतो.

नाणे बदलले की ही मांडणीही बदलते. रेव्हनकॉइनची कॉपॉ पद्धत मे २०२०पासून लागू आहे आणि ती गणिती भाग व मेमरी दोन्हींना राबवते. इथॅशसाठी उतरवलेला वेग तिथे ठेवला तर हॅशरेट जमिनीवर येतो.

आरटीएक्स ३०६० टीआय मूळ मांडणीत २०० वॉट घेते. इथॅशवर नीट ट्यून केलेले हेच कार्ड १२०-१३० वॉटमध्ये सुमारे ६० मेगाहॅश देत असे. पुढे ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियानेच अडसर घातला. फेब्रुवारी २०२१मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६०मध्ये आणि त्यानंतरच्या बहुतेक कार्डांत इथेरियमचा हॅशरेट जवळपास निम्म्यावर आणणारी मर्यादा होती. मायनर लिहिणाऱ्यांनी ती मे २०२२मध्ये पूर्ण मोडली, पण तोवर इथेरियमच्या मायनिंगचे चारच महिने उरले होते.

बोईसरचे बिल आणि बोईसरची हवा

तारापूरचे अणुवीज केंद्र बोईसरहून जवळ आहे. १९६९मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि २००५-०६मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केलेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या तिथे आहेत. ही वीज पश्चिम विभागाच्या ग्रिडमध्ये जाते. केंद्राच्या सावलीत राहणाऱ्याच्या मीटरवरही महावितरणचा, राज्यात इतरत्र लागतो तोच दर लागतो.

सहा ३०६० टीआय कार्डांची रिग घेऊ. मूळ मांडणीत कार्डांचे १,२०० आणि बाकीचे ८० वॉट. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे १,३९० वॉट, म्हणजे ३० दिवसांत हजार युनिट. ट्यूनिंगनंतर कार्ड १२५ वॉटवर आले की भिंतीतून सुमारे ९०० वॉट आणि महिन्याला ६४८ युनिट. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरातला एकही दिवा न लावता ही रिग एकटीच शेवटचा टप्पा ओलांडते. त्या टप्प्यात युनिटला १५ रुपये धरले, तर ट्यूनिंगने वाचलेली सुमारे ३५० युनिटे महिन्याला सव्वापाच हजार रुपयांची होतात. त्यावर घरगुती वापराला १६ टक्के वीज शुल्क असते, ते वेगळेच. घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर हा वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत ठरू शकतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

रिगने घेतलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ९०० वॉटची रिग म्हणजे बंद खोलीत रात्रंदिवस चालणारा छोटा हीटर. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढेच तापते, म्हणून एप्रिल-मेमध्ये बोईसरला लावलेले आकडे डिसेंबरच्या आकड्यांपेक्षा सौम्य ठेवावे लागतात. एसी लावला तर एक टनाच्या क्षमतेचा चौथा हिस्सा रिगच खाते आणि त्याचे युनिट पुन्हा त्याच महागड्या टप्प्यात जातात. समोरासमोरच्या खिडक्या आणि गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा हा स्वस्त उपाय, पण त्यासोबत बाहेरची हवा आत येते. किनाऱ्याच्या हवेत मीठ आणि दमटपणा असतो. तारापूर एमआयडीसी हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तो देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरला होता. आम्लधर्मी वायू आणि ओल एकत्र आली की तांब्याचे संपर्क काळवंडतात. म्हणून इथे खिडकीला गाळणी, दर महिन्याला धूळ झाडणे आणि पावसाळ्यात रिग बंद न ठेवता उबदार ठेवणे हिताचे ठरते. थंड पडलेल्या बोर्डावर ओल बसते, चालत्या बोर्डावर ती टिकत नाही.

जोडणीचेही तसेच. ९०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर चार अँपिअर. आकडा लहान दिसतो, पण हा भार महिनोन्‌महिने न थांबता चालतो. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग लागते.

कायदा, कर आणि शेवटचा हिशेब

भारतात मायनिंगवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. १ एप्रिल २०२२पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्याला ३० टक्के कर लागतो आणि १ जुलै २०२२पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस कापला जातो. नफा काढताना खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च हा खरेदीची किंमत मानला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२मध्ये संसदेत स्पष्ट केले. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

मायनिंगच्या नावाने महाराष्ट्रात गाजलेले प्रकरण मात्र रिगचे नव्हते. गेनबिटकॉइन योजनेने मायनिंगमधून १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आश्वासन दिले होते. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये तिच्या सूत्रधाराला अटक केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. रिगचे उत्पन्न नाण्याच्या भावाने आणि जाळ्यातल्या स्पर्धेने रोज बदलते. ठरलेल्या दरमहा टक्क्यांचे आश्वासन या यंत्राच्या स्वभावातच बसत नाही.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग सोडून स्टेकिंगची, म्हणजे नाणी तारण ठेवून ब्लॉक जोडण्याची पद्धत घेतली आणि त्याचा वीजवापर ९९.९ टक्क्यांहून अधिक घटला. जगभरची कार्डे इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान नाण्यांकडे वळली. तिथली मिळकत तेवढीच राहिली आणि वाटेकरी एकाएकी अनेक पटींनी वाढले. तेव्हापासून युनिटला १५ रुपये मोजणाऱ्या घरात रिगचे उत्पन्न बिलाच्या खाली राहण्याचीच शक्यता अधिक.

जुनी कार्डे चित्रफितींच्या रेंडरिंगला, खेळांना आणि लहान एआय मॉडेलना उपयोगी पडतात. एआयच्या कामात कार्डाकडे माहितीची ये-जा मोठी असेल तर रायझरची अरुंद वाट अपुरी पडते, कार्ड रुंद खाचेत बसवणे बरे. वापरलेले कार्ड घेताना पंख्यांचा आवाज, मेमरीचे तापमान आणि संपर्कांवरचा गंज पाहतात. जीडीडीआर६एक्सच्या कार्डात मेमरी ११० अंशांवर जाऊन वेग उतरवत असेल तर थर्मल पॅड बदलावे लागतात. ट्यूनिंगची सवय मात्र कार्डाचे काम बदलले तरी कामी येते. रेंडरिंगलाही व्होल्टेज उतरवलेले कार्ड थोड्याशा कमी वेगात बरीच कमी वीज घेते.