नीर-क्षीर की तीळ-तांदूळ?

दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे ते एकजीव होतातच असे नाही. दुधात पाणी घातले की दोहोंतील भेद दृष्टीस पडत नाही. तीळ आणि तांदूळ मात्र कितीही कालवले तरी तीळ तीळच राहतो व तांदूळ तांदूळच. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी अलंकारांच्या मिश्रणाचा विचार करताना हेच दोन दृष्टान्त योजिले. आज प्लास्टिकच्या मिश्रणासंबंधी तोच प्रश्न उभा आहे, आणि गावोगावी साचणाऱ्या कचऱ्याचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्लास्टिक म्हणजे साखळीसारख्या लांबच लांब रेणूंचा समुदाय. शास्त्रीय परिभाषेत अशा पदार्थास बहुवारिक म्हणतात. काही बहुवारिकांच्या साखळ्या थंड होताना घड्या घालून शिस्तीने रचल्या जातात. ती स्फटिकी बहुवारिके. त्यांच्याही थराथरांमध्ये थोडा विस्कळीत भाग उरतोच. इतर काहींच्या साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या अस्ताव्यस्तच गोठतात. ती अस्फटिकी होत. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिलीन पहिल्या जातीचे, तर ॲक्रिलिकची पारदर्शक काच दुसऱ्या जातीची.

बहुतेक बहुवारिके परस्परांत मिसळत नाहीत. याचे कारण १९४१-४२ च्या सुमारास पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या उपपत्तीतून स्पष्ट होते. लहान रेणूंना मिसळताना स्वैर विखुरण्याची मोठी मुभा मिळते, आणि या स्वैरतेकडेच निसर्गाचा ओढा असतो. साखळीतील हजारो दुवे मात्र एकमेकांशी जखडलेले असल्यामुळे त्यांना ही मुभा फारच थोडी मिळते. म्हणून दोन जातींच्या साखळ्यांत अत्यल्प दुरावा असला तरी त्या विभक्त होतात. त्या एकजीव व्हावयाच्या तर त्यांच्यात बहुधा प्रत्यक्ष आकर्षणच असावे लागते.

असे आकर्षण असलेली एक सुप्रसिद्ध जोडी आहे. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड हे त्यातील स्फटिकी बहुवारिक. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट, म्हणजेच ॲक्रिलिक, हे अस्फटिकी. वितळलेल्या अवस्थेत ही दोन्ही नीर-क्षीराप्रमाणे एकरूप होतात. याची पारख तापमानाने करता येते. प्रत्येक बहुवारिकाचा अस्फटिकी भाग एका ठराविक तापमानाखाली काचेसारखा ताठर होतो. ॲक्रिलिकचे हे तापमान सुमारे १०५ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्याचे शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. मिश्रण तीळ-तांदळासारखे असेल तर ही दोन्ही तापमाने वेगवेगळी आढळतात. एकजीव असेल तर दोहोंच्या दरम्यान एकच आढळते.

परंतु हे ऐक्य निरपवाद नाही. मिश्रण सावकाश थंड केले आणि त्यात स्फटिकी घटकाचे प्रमाण पुरेसे असले, तर त्या घटकाच्या काही साखळ्या मिश्रणातून बाहेर पडून आपले शुद्ध स्फटिक रचतात. ॲक्रिलिक त्या स्फटिकांत शिरू शकत नाही. ते भोवतीच्या विस्कळीत भागात राहते. तथापि त्याच्या सहवासाचा ठसा स्फटिकांवर उमटतोच. मीठ मिसळल्याने बर्फाचा वितळबिंदू खाली येतो, तसा या स्फटिकांचा वितळबिंदूही काही अंशांनी उतरतो. १९७५ मध्ये निशी व वांग या संशोधकांनी ही घट मोजून दोन साखळ्यांमधील आकर्षणाचे मान काढले. आणखी एक नवल असे की, हे मिश्रण ३०० अंशांच्या बरेच वर तापविले तर पुन्हा दुभंगते. साखर गरम चहात अधिक विरघळते; येथे उष्णता उलट फारकत घडविते.

या जोडीचा उपयोगही मोठा आहे. उंच इमारतींच्या धातूच्या पत्र्यांवरील टिकाऊ रंगात ही बहुवारिके बहुधा ७० व ३० या प्रमाणात असतात. पहिले ऊनपावसास दाद देत नाही; दुसरे रंगद्रव्य धरून ठेवते आणि लेप पत्र्यास चिकटण्यास साहाय्य करते.

आता कचऱ्याकडे वळावे. पॉलिथिलीन आणि सिमेंटच्या विणलेल्या पोत्यांचे पॉलिप्रोपिलीन ही दोन्ही केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली, जणू सख्खी भावंडेच. तरीही ती एकजीव होत नाहीत. दोन्ही एकत्र वितळवून ओतलेली वस्तू त्यांच्या सीमारेषांवर सहज तडकते. २०१७ मध्ये कॉर्नेल व मिनेसोटा या अमेरिकन विद्यापीठांतील संशोधकांनी दोन्ही जातींचे तुकडे एकाआड एक जोडलेली साखळी बनविली. शेकडा एक भाग एवढी अल्प मात्रा घालताच ठिसूळ मिश्रण चिवट झाले. कारण ही साखळी सीमेच्या दोन्ही बाजूंस गुंतून टाक्याचे काम करते. तीळ-तांदूळ त्यामुळे नीर-क्षीर झाले नाहीत, पण एकमेकांना धरून मात्र राहिले.

असा टाका घालण्याची सोय सर्वत्र नाही. तोवर कचऱ्यातील प्लास्टिकची जात ओळखून ते वेगळे करणारे हातच पुनर्वापराचा खरा आधार होत. ज्यांना निसर्ग एकत्र नांदू देत नाही, त्यांना केवळ एका कढईत वितळविल्याने ऐक्य साधत नाही.