विंडोज इन्स्टॉलरमध्ये मराठीचा नंबर ११०२ का?

फोनवर ॲप टाकायचं म्हणजे आपण फक्त 'इन्स्टॉल' दाबतो. विंडोज कॉम्प्युटरवर हेच काम बऱ्याचदा एमएसआय फाइल करते. अशा फाइल्स बनवणं हे माझं रोजचं काम. नवीन आलेले ज्युनिअर हमखास विचारतात, "हे नंबर आणि ही नावं येतात कुठून?" मराठीचंच उदाहरण घेऊन बघूया.

कॉन्स्टंट आणि प्रॉपर्टी

लोकलच्या इंडिकेटरवर 'बीओ' म्हणजे बोरिवली. ते कधी बदलत नाही, म्हणून तो कॉन्स्टंट. प्लॅटफॉर्म नंबर मात्र गाडीप्रमाणे बदलतो. ती झाली प्रॉपर्टी.

एमएसआयमध्ये 'प्रॉडक्टलँग्वेज' ही प्रॉपर्टी भरावीच लागते. मराठीसाठी तिथे ११०२ लिहायचं.

११०२ आला कुठून?

विंडोज एसडीकेमध्ये 'विनएनटी डॉट एच' नावाची हेडर फाइल असते. त्यात मराठीचा कॉन्स्टंट हेक्समध्ये '४ई' आहे, म्हणजे ७८. भारतातल्या मराठीचा उपभाषा क्रमांक १. तो १० बिट डावीकडे सरकवला की होतात १०२४. आता बेरीज करा: १०२४ + ७८ = ११०२.

याच हिशेबाने हिंदी १०८१ आणि कोकणी ११११. चुकून १०८१ टाकलात तर स्क्रीनवरची देवनागरी बघून काहीच कळणार नाही, पण विंडोजच्या लेखी तुमचं मराठी सॉफ्टवेअर हिंदी ठरेल!

प्रॉपर्टी कुठे शोधायची?

१. आधी मायक्रोसॉफ्ट लर्नवर विंडोज इन्स्टॉलरचं 'प्रॉपर्टी रेफरन्स' पान उघडा. 'टार्गेटडिर', 'ऑलयूजर्स' ही विंडोजने ठरवलेली नावं तिथे मिळतील.

२. 'इन्स्टॉलडिर' तिथे शोधत बसू नका. ते बनवणाऱ्याने स्वतः दिलेलं नाव असतं. एसडीकेमधल्या 'ऑर्का' टूलने एमएसआय उघडा आणि 'प्रॉपर्टी' व 'डिरेक्टरी' ही टेबलं बघा.

३. नावाचं स्पेलिंग नीट बघा. पूर्ण नाव कॅपिटल अक्षरांत असेल, तरच त्याची किंमत कमांड लाइनवरून देता येते. 'प्रॉडक्टलँग्वेज'मध्ये स्मॉल अक्षरं आहेत, म्हणून ती तिथून बदलत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इन्स्टॉलर बनवत असाल, तर कुणाच्या तरी कोडमधला नंबर तसाच उचलू नका. त्याची व्याख्या उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नंतर शोधाशोध करण्यात जाणारी अख्खी रात्र वाचते.