जुना संगणक टाकून द्यायचा का?

जमीन पाहून बी पेरावे, हे आपल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काळ्या, भारी जमिनीत कपाशी जोमाने येते. बरड जमिनीत तेच बी टाकले तर झाड लवकर सुकते. दोष बियाचा नसतो, जमिनीचाही नसतो. जोडी जमलेली नसते. संगणकाचेही असेच आहे.

संगणक म्हणजे नुसते यंत्र. ते चालवणारी एक व्यवस्था आत बसवावी लागते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळ दाबली की अक्षर उमटते, प्रिंटरमधून कागद निघतो, ते तिच्यामुळे. आपल्याकडे बहुतेकांना 'विंडोज' तेवढी ठाऊक असते. पण ती एकटीच नाही.

अडचण कोठे आली?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. कोणी म्हणेल, "अहो, माझा तर चालतोय ना!" चालेल. देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण चोरांना नवी फट सापडली, तर ती बुजवायला कोणी येत नाही. बचत गटाचे बँकेचे व्यवहार अशा संगणकावर करणे म्हणजे कोठीला भोक पडले असताना धान्य भरणे होय.

मग विंडोज ११ टाकावी का? तिला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी २०१७ साली आली. त्याआधीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. काही जण अटी चुकवून ती टाकून देतात. पण अशा संगणकाला पुढे दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

दुसरी वाट

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची सुरुवात केली. आज तिचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक फुकट मिळतात. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स काढली. जुन्या संगणकासाठी 'लिनक्स मिंट'चा एक्सएफसीई हा हलका प्रकार सोयीचा आहे. त्याला २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असली तर बरे. सात-बारा पाहणे, मराठीत अर्ज लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे ही कामे त्यावर होतात.

आधी काय पाहावे?

विंडोज १० मध्ये स्टार्टच्या खुणेवर माउसची उजवी कळ दाबा आणि 'सिस्टीम' निवडा. तेथे रॅम किती आणि प्रोसेसर कोणता, ते लिहिलेले असते. प्रोसेसर ६४-बिटचा आहे ना, तेही पाहा. ३२-बिटच्या यंत्राला आता नव्या सिस्टीम फार थोड्या उरल्या आहेत.

मग आपले काम पाहा. हिशेबाची 'टॅली' विंडोजसाठीच बनलेली आहे. अंगठा घेण्याचे यंत्र किंवा प्रिंटर असेल, तर तो लिनक्सवर चालतो का, हे विकणाऱ्याला आधी विचारा. चालत नसेल, तर तेवढ्या कामासाठी विंडोज ११ चालेल असा संगणक शोधणे भाग आहे.

घाई नको

लिनक्स पेनड्राइव्हवर भरून, संगणकात न बसवताही चालवून पाहता येते. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, छपाई होते का, हे दोन दिवस तपासावे. पटले तरच बसवावे. बसवण्यापूर्वी आपले फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. कारण बसवताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, आणि पुसलेले परत मिळेलच असे नाही.

संगणक फार हळू चालत असेल, तर जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्यावी. पुष्कळदा तेवढ्यानेच तो चपळ होतो.

दुकानदार म्हणेल, "काका, नवाच घ्या." घ्यावाही लागेल कदाचित. पण आधी आपले यंत्र ओळखू या, आपले काम ओळखू या. मग पैसा कोठे घालायचा, ते आपले आपल्यालाच ठरवता येईल.