दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि शेताचा उतार

पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्तीचे काम निघाले, म्हणजे गावोगाव एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. शेताचा मालक हात पुढे करून सांगतो, "पाणी इकडून येते आणि तिकडे जाते, एवढ्यासाठी मोजणी कशाला?" पुष्कळदा त्याचे म्हणणे बरोबरही ठरते. परंतु जेथे ते चुकते, तेथे नुकसान मोठे होते. शंभर मीटर लांबीत एक मीटर उतार असला, तर तो नुसत्या डोळ्यांस सहसा जाणवत नाही. पाण्यास मात्र तो पुरेसा असतो. बांधाची एक जागा शेजारच्या जागेपेक्षा वीतभर खाली राहिली, की सारे पाणी तेथेच गोळा होते, बांध तेथेच फुटतो, आणि एकदम सुटलेला लोट खालच्या शेताची मातीही घेऊन जातो. जमिनीची उंचसखलता अचूक मोजणे हा म्हणूनच मृद्‌संधारणाचा पाया होय.

हे मोजण्याच्या कामी कॅमेऱ्याचा उपयोग होतो, असे सांगितल्यास कित्येकांस आश्चर्य वाटेल. कारण छायाचित्र हे सपाट असते. त्यात लांबी-रुंदी दिसते, उंची दिसत नाही. ही उणीव मनुष्याने कशी दूर केली, त्याची हकीकत ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी जाणून घेण्यासारखी आहे.

एक डोळा झाकून पाहा

हाताचे एक बोट नाकासमोर धरा. प्रथम डावा डोळा मिटून व नंतर उजवा मिटून त्याकडे पाहा. बोट मागील भिंतीवरून सरकल्यासारखे वाटेल. बोट लांब नेले, की हे सरकणे कमी होते. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोघांस दिसणारी चित्रे किंचित निरनिराळी असतात. मेंदू त्या दोहोंतील फरक जुळवितो आणि वस्तू किती जवळ वा दूर आहे, हे आपणास कळते.

ही गोष्ट इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सिद्ध करून दाखविली. त्यांनी दोन आरसे एकमेकांशी काटकोनात बसविले, दोन बाजूंस एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे ठेविली, आणि प्रत्येक डोळ्यास एकच चित्र दिसेल अशी योजना केली. त्याबरोबर कागदावरील सपाट रेषांतून भरीव वस्तू उभी राहिली! छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली, म्हणजे त्यानंतर. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून सुटसुटीत पेटी तयार केली, आणि अमेरिकेतील डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरण्याजोगे स्वस्त यंत्र काढून त्याचे पेटंटही घेतले नाही. त्यामुळे दूरदूरच्या देशांची जोडचित्रे घरोघरी पाहिली जाऊ लागली.

करमणुकीतून मोजणीकडे

यापुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. फ्रान्समधील नादार यांनी १८५८ साली बलूनमधून पॅरिसजवळचे छायाचित्र घेतले. त्याच काळात फ्रेंच सैन्यातील अधिकारी एमे लोसेदा हे छायाचित्रांवरून नकाशे तयार करण्याची पद्धत बसवीत होते. विमाने आल्यावर या दोन्ही गोष्टींची सांगड पडली. विमान सरळ रेषेत उडत असता ठरावीक अंतराने खालच्या जमिनीची चित्रे घ्यावयाची, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारे ६० टक्के भाग समान ठेवावयाचा. म्हणजे जमिनीचा प्रत्येक तुकडा निदान दोन ठिकाणांहून टिपला जातो. ज्याचे दोन डोळे शेकडो मीटर दूर आहेत, अशा एखाद्या राक्षसाने खाली पाहावे, तसेच हे होय.

यातील हिशेब अवघड नाही. कॅमेऱ्यापासून वस्तूचे अंतर आणि दोन चित्रांत तिचे सरकणे यांचा गुणाकार कायम राहतो. समजा, कॅमेऱ्याखाली १०० मीटरवर असलेली जमीन दोन चित्रांत १० मिलिमीटर सरकली. गुणाकार झाला १,०००. त्याच चित्रांत एका झाडाचा शेंडा १२.५ मिलिमीटर सरकलेला आढळला, तर १,००० ला १२.५ ने भागून शेंड्याचे अंतर ८० मीटर निघते. म्हणजे झाड २० मीटर उंच. झाडावर न चढता त्याची उंची मिळाली!

तरंगती खूण

जर्मनीतील झाइस कारखान्याचे कार्ल पुल्फ्रिश यांनी १९०१ साली या तत्त्वावर मोजणीचे यंत्र बनविले. यंत्रातून पाहणाऱ्यास दोन्ही चित्रे एकवटून डोंगर-दऱ्या उभ्या दिसतात, आणि त्यांवर एक लहानशी खूण हवेत तरंगताना दिसते. चाक फिरवून ती खाली आणली व जमिनीस टेकली, की त्या जागेची उंची वाचता येते. पुढे या पद्धतीत सुधारणा होऊन खूण एकाच उंचीवर कायम ठेवून जमिनीवरून फिरविता येऊ लागली. तिच्या वाटेने पेन्सिल कागदावर जी रेघ काढी, तीच समपातळी रेषा. ज्या रेषेवर आपण ताल घालतो, ती अशा रीतीने माळावर न जाता कागदावर उमटू लागली.

आपल्या देशात डेहराडून येथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आश्रयाने व नेदरलँड्सच्या सहकार्याने १९६६ साली विमानचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावर दोन कॅमेरे होते : एक २६ अंशांनी पुढे झुकलेला, दुसरा ५ अंशांनी मागे झुकलेला. तेच व्हीटस्टनचे दोन डोळे, आता अंतराळातून पाहणारे.

ड्रोन व प्रकाशाची मोजपट्टी

आता हेच काम लहानशा ड्रोनकडून होऊ लागले आहे. तो शेतावरून फिरून अनेक चित्रे घेतो आणि संगणक त्यांतील समान बिंदू जुळवून प्रत्येक बिंदूची उंची काढतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्यात आली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. ती मोजणी घरांच्या जागांची होती, शिवाराची नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी एक रीत म्हणजे लेसर किरणांची. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली तयार केला. वरून किरण सोडावयाचा आणि तो परत येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा. १०० मीटर जाऊन परत येण्यास प्रकाशास सेकंदाचा सुमारे पंधरा लाखावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ मोजणारी साधने आज उपलब्ध आहेत. हे किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचू शकतात, हा त्यांचा विशेष.

गावी मोजणी येईल तेव्हा

यंत्र कितीही चांगले असले, तरी त्यास जे दिसते तेच ते मोजते. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. ड्रोनने चित्रे घेऊन करावयाची मोजणी पीक निघाल्यानंतर व पावसापूर्वी करून घ्यावी. शेतात पुरुषभर तूर उभी असता घेतलेल्या चित्रांत तुरीच्या शेंड्यांची उंची येते, जमिनीची नव्हे.

२. उड्डाणापूर्वी शेतात ठिकठिकाणी ठळक खुणा कराव्यात व त्यांची जागा आणि उंची जमिनीवरून नेमकी मोजून ठेवावी. या आधाराशिवाय सारा नकाशा वर-खाली किंवा एका बाजूस कललेला येण्याचा संभव असतो.

३. साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर समान बिंदू नीट जुळत नाहीत. तेथील आकड्यांवर विसंबू नये.

४. नकाशा हाती आल्यावर आखणीपूर्वी काही ठिकाणी डंपी लेव्हल लावून पडताळा घ्यावा. फरक आढळल्यास आखणी थांबवून कारण शोधावे. आखणी पुन्हा करण्यास एक दिवस लागतो. वाहून गेलेली माती मात्र परत येत नाही.

५. पहिल्या मोठ्या पावसात शेतमालकाने व ग्रामसेवकाने मिळून बांधावरून फेरी मारावी, आणि पाणी कोठे तुंबते, कोठे पाझरते, हे नकाशावर टिपून ठेवावे.

शेवटच्या सूचनेत या विद्येचे सार आहे. खोली कळण्यास दोन डोळे लागतात व ते दोन निरनिराळ्या जागी असावे लागतात. शिवाराचेही तसेच आहे. एक डोळा आकाशातून पाहणाऱ्या यंत्राचा, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या तेथे पाणी वाहताना पाहिलेल्या शेतकऱ्याचा. यांपैकी एक मिटून काम केले, तर शेत सपाट दिसेल आणि बांध फुटेल. दोन्ही उघडे ठेवून, दोहोंतील फरक नीट जुळवून काम केले, तर पाणी शेतात मुरेल आणि माती जागच्या जागी राहील.